गुरूशिवाय बुद्धिबळ: कल्याणीच्या अक्षरांपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

#थ्रेड

तुळजापुरात भारतीबुवांचा मठ आहे. तुळजाभवानी या मठात सारीपाट खेळायला येत असे, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. सारीपाट हा फाशांचा खेळ. दान पडेल तशी सोंगटी पुढे न्यायची. चार डाव शेजारी बसून पाहिले की खेळ येतो. बुद्धिबळाचे तसे नाही. त्याच्या चाली अर्ध्या तासात कळतात आणि त्यानंतर वर्षानुवर्षे माणूस हरत राहतो. हे हरणे कमी व्हावे म्हणून कोणीतरी शिकवावे लागते. शिकवणारा गावात नसेल, तर लिहिलेल्या मजकुरावरून हा खेळ शिकता येईल का? दख्खनच्या पठारावर या प्रश्नाचा माग सुमारे ९०० वर्षे मागे नेता येतो.

तुळजापूरहून नळदुर्ग, उमरगा या मार्गाने कर्नाटकात शिरले की बसवकल्याण लागते. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. येथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने (राज्यकाल ११२६ ते ११३८) ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, असे एकूण शंभर अध्याय. राज्यकारभार, हत्ती, भोजन, चित्रकला, संगीत असे राजाच्या जीवनाशी संबंध असलेले जवळजवळ सर्व विषय त्यात येतात. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे तो त्यातील जुन्या मराठी पद्यांमुळे. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना बुद्धिबळ येते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

सोमेश्वराने केवळ खेळाचे वर्णन केले असते तर आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध आला नसता. त्याने घोड्याची फेरी सांगितली आहे. अडीच घरे चालणाऱ्या घोड्याने पटावरील चौसष्टही घरांना एकेकदाच भेट द्यायची, असे हे कोडे. ते शब्दांत सांगायचे म्हणजे प्रत्येक घराला स्वतंत्र नाव हवे. ‘इकडून तिसरे, मग तिकडून पाचवे’ असे सांगत गेल्यास दहाव्या उडीपर्यंत ऐकणारा हरवतो. सोमेश्वराच्या ग्रंथात अक्षरांच्या साहाय्याने घरांना नावे दिली आहेत आणि त्या नावांच्या क्रमाने घोड्याची वाट पद्यात बांधली आहे. त्याआधी नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त तुरगपदबंध रचला होता. तेथे अर्ध्या पटावर मांडलेला श्लोक सरळ वाचला काय आणि घोड्याच्या चालीने वाचला काय, सारखाच राहतो. पण रुद्रटाला कवितेचे कौतुक आहे. कल्याणीच्या राजाला खेळ कळवायचा आहे.

आज जगभर घरांना जी अक्षर-अंकांची नावे आहेत (ई४, डी५ इत्यादी), त्यांचा युरोपातील प्रसार फार उशिराचा. अलेप्पो नगरीतून पॅरिसला गेलेल्या फिलिप स्टामाने १७३७ मध्ये आपल्या पुस्तकात अक्षर आणि अंक जोडून घरे ओळखण्याची पद्धत वापरली. त्यानंतरही दोन शतके इंग्रजी पुस्तके जुन्या, शब्दबंबाळ पद्धतीला चिकटून राहिली. कल्याणीची युक्ती युरोपात पोहोचली, असे येथे सुचवायचे नाही. तसा कोणताही दुवा नाही. घरांना नावे देण्याची गरज दोन ठिकाणी स्वतंत्रपणे जाणवली, एवढेच म्हणता येते. आणि ती जाणवण्याचे कारण एकच होते: समोर नसलेल्या माणसाला पट दाखवणे.

पुढचा टप्पा पुन्हा मराठवाड्यातून निघतो. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला जाऊन स्थायिक झाले. त्यांच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या धर्मशास्त्राचे मोठे पंडित झाले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. गागाभट्टांच्या वडिलांचे चुलतभाऊ नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत वारसाहक्काचे निवाडे करताना आधार म्हणून उघडला जाई. ‘नीतिमयूखा’त मात्र याच नीलकंठभट्टांनी बुद्धिबळाचे नियम दिले आहेत आणि घोड्याच्या फेऱ्याही सांगितल्या आहेत. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी कशी करावी आणि घोडा कोणत्या घरून कोणत्या घरी न्यावा, हे दोन्ही सांगणारा पंडित एकच, हे आज काहीसे गमतीचे वाटते. त्या काळी राजनीतीच्या शास्त्रात या खेळाला जागा होती, म्हणून तसे घडले.

मात्र येथवरचे सारे लेखन राजे आणि पंडित यांच्यापुरते आहे. एखाद्या सामान्य खेळाडूने ‘नीतिमयूख’ उघडून आपला डाव सुधारला असेल, असे मानण्यास आधार नाही. संस्कृत पोथी हाताने नकलून घ्यावी लागे आणि ती वाचता येणारे लोक मूठभर होते.

छपाईने हे बदलायला हवे होते. १८१४ मध्ये, पेशवाई बुडण्याच्या चार वर्षे आधी, मुंबईत बुद्धिबळावरचे एक पुस्तक छापले गेले. कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ संस्कृत ग्रंथ ‘विलासमणिमंजरी’. त्याचे नाते पुण्याच्या पेशवे दरबाराशी, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाशी सांगितले जाते. छापले गेले ते इंग्रजी भाषांतर. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले १८३२ मध्ये. म्हणजे मराठीतले पहिले वृत्तपत्र निघण्यापूर्वी १८ वर्षे मुंबईत बुद्धिबळ शिकवणारे पुस्तक छापून तयार होते.

या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच त्याचा हेतू नोंदवला आहे. शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा, म्हणून त्यात प्रामुख्याने पटावरील पेचाच्या स्थिती दिल्या आहेत. हा तपशील दुर्लक्षित राहू नये. ग्रंथकर्त्याने संपूर्ण डाव देण्याऐवजी डाव अडलेला क्षण निवडला. मोहरे असे असे उभे आहेत, खेळी तुमची, इतक्या चालींत मात करा. वाचणारा आधी विचार करतो, चुकतो आणि मगच उत्तर पाहतो. पुस्तकाला समोर बसलेल्या गुरूचे काम जर कुठे करता येत असेल, तर ते येथे, कारण गुरूही बहुधा हेच करतो. तो उत्तर लगेच सांगत नाही. स्टामाच्या १७३७ च्या पुस्तकातही अशाच शंभर स्थिती होत्या. पुढे वृत्तपत्रांच्या कोपऱ्यात, दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर जे ‘कोडे’ अवतरले, ते याच कुळातले.

तरीही हे पुस्तक महाराष्ट्रातल्या खेळाडूंच्या हाती आले नाही. भाषा इंग्रजी होती, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते पुस्तकाच्या नावातच दडले आहे: यातील स्थिती ‘युरोपीय पद्धतीच्या खेळाला अनुसरून’ बदलून घेतल्या होत्या. ग्राहक कोण असणार, हे छापणाऱ्याने ओळखले होते. वाड्यांच्या ओसरीवर, देवळांच्या पारावर जे बुद्धिबळ चाले, त्याचे नियम वेगळे होते.

किती वेगळे? देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. दोन घरांची उडी नसे. राजे समोरासमोर नसत, एकाच्या राजासमोर दुसऱ्याचा वजीर असे. किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदा घोड्याची चाल मिळे, तीही कित्येक ठिकाणी एकदाही शह बसलेला नसेल तरच. प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचले की ते त्या घरच्या मोहऱ्याचे रूप घेई: हत्तीच्या घरी हत्ती, उंटाच्या घरी उंट. वाटेल तेथे वजीर करून घेण्याची मुभा नव्हती. डावाच्या आरंभी दोन्ही बाजूंनी एकदम चार-चार किंवा आठ-आठ चाली करून घेण्याचीही रीत होती. प्रतिस्पर्ध्याचे सारे सैन्य मारून राजा एकटा उरवला तर ती ‘बुर्जी’, म्हणजे अर्धा विजय. आणि साध्या प्याद्याने मात केली तर ती ‘प्यादेमात’, सर्वांत मानाची. असा विजय साधायचा म्हणून पट्टीचे खेळाडू सोपी मात सोडून देत आणि प्यादे पुढे आणत बसत.

यातला प्रत्येक नियम प्रांतागणिक, कधी गावागणिक बदले. राजाच्या घोडाचालीची अट एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. परगावचा खेळाडू आला की पट मांडण्याआधी नियम ठरवून घ्यावे लागत. ओसरीवरच्या खेळाला याने काहीच बाधा येत नाही. किंबहुना त्या वाटाघाटीतही एक रंगत असते. पुस्तकाला मात्र ही स्थिती मारक ठरते. प्याद्याच्या पहिल्या चालीचा नियम बदलला की प्रारंभाचे सारे विवेचन निरुपयोगी होते. प्याद्याच्या बढतीचा नियम बदलला की डावाच्या अंतिम अवस्थेचे गणित कोलमडते. ज्या खेळाचे नियम गावाच्या वेशीवर बदलतात, त्याचे पुस्तक वेशीबाहेर चालत नाही.

१८९३ मध्ये पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचे ‘बुद्धिबळक्रीडा’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. बुद्धिबळाचा प्रसिद्ध इतिहासकार एच. जे. आर. मरे याने १९१३ च्या आपल्या बृहद्‌ग्रंथात हिंदुस्थानी खेळाची माहिती देताना टोपे यांच्या पुस्तकाचा उपयोग केला. म्हणजे दख्खनी खेळाची नोंद मराठीत झाली आणि ऑक्सफर्डच्या मुद्रणालयातून निघालेल्या ग्रंथापर्यंत पोहोचलीही. आठ वर्षांनी, १९०१ मध्ये, दिल्लीत लाला राजाबाबू यांचे शतरंजवरील उर्दू पुस्तक निघाले.

या दोन पुस्तकांच्या मधोमध तुळजापूर येते. तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. दरबारची आणि कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी. आणि अवघ्या ४५ किलोमीटरवर इंग्रजांचे सोलापूर, जेथे रेल्वेने पुण्या-मुंबईची पुस्तके येत. त्या काळी तुळजापुरातील एखाद्या वकिलाने वा पुजाऱ्याने पुस्तकावरून बुद्धिबळ शिकायचे ठरवले असते, तर त्याच्यापुढे तीन खेळ उभे राहिले असते: पुण्याच्या मराठी पुस्तकातला, दिल्लीच्या उर्दू पुस्तकातला आणि सोलापूरच्या इंग्रज साहेबाच्या पुस्तकातला. ओसरीवर खेळला जाणारा खेळ यांपैकी कोणाशी किती जुळला असता, हे त्याला खेळूनच ठरवावे लागले असते.

पुस्तकाविना खेळाडू किती उंची गाठू शकतो, याचे उत्तर पंजाबच्या सुलतान खानाने दिले. देशी पद्धतीने खेळ शिकलेला हा माणूस १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकला आणि पुढल्याच वर्षी आपल्या मालकाबरोबर, सर उमर हयात खान यांच्याबरोबर, इंग्लंडला गेला. १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा त्याने ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी विश्वविजेत्या कॅपाब्लांकाला हरवले. प्रारंभाच्या युरोपीय ग्रंथांशी त्याचा परिचय जवळजवळ नव्हता. म्हणून त्याचे अनेक डाव आरंभी अडचणीत असत आणि मध्यावर तो ते सावरून घेई. ‘पुस्तकांची गरज नाही’ असे सांगणारे लोक त्याचा दाखला देतात. तो दाखला उलटाही वाचता येतो. प्रत्येक डावात पहिल्या दहा-बारा चालींची किंमत त्याला आपल्या प्रतिभेतून मोजावी लागत होती. समोरच्या सामान्य खेळाडूने ती पुस्तकाच्या दुकानात मोजलेली होती.

स्वातंत्र्यानंतर हा गुंता सुटला. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यात महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. खेळ आंतरराष्ट्रीय नियमांनी झाला. येथून पुढे तुळजापूर, तंजावर आणि ताश्कंद या तिन्ही ठिकाणचा पट एकच झाला आणि जगातले कोणतेही पुस्तक कोठल्याही गावी उपयोगी पडू लागले.

याची किंमत कोणी मोजली, हे मात्र विसरू नये. देशी खेळात चाळीस वर्षे मुरलेल्या माणसाचे ज्ञान जवळजवळ एका पिढीत निरुपयोगी झाले. बुर्जी कशी टाळावी, राजाची घोडाचाल केव्हा राखून ठेवावी, हत्तीच्या घरचे प्यादे का जपावे, या विद्येला ग्राहक उरला नाही. नियम एक होणे अपरिहार्य होते आणि हिताचेही होते. पण टोपे यांच्या पुस्तकाची दुसरी-तिसरी पिढी मराठीत घडली असती, मरेसारख्या परक्या इतिहासकारावर विसंबण्याची वेळ आली नसती, तर निदान त्या खेळाचे डाव नोंदलेले राहिले असते. मराठी माणसाने बखरी जपल्या, पट जपला नाही.

नियम एक झाले तरी लिपीची अडचण उरली. विसाव्या शतकात भारतात सहज मिळत ती पुस्तके इंग्रजी होती आणि त्यांत चाली जुन्या इंग्रजी पद्धतीने लिहिलेल्या असत. त्या पद्धतीत प्रत्येक घराला दोन नावे: पांढऱ्याच्या बाजूने एक, काळ्याच्या बाजूने दुसरे. ‘राजाच्या उभ्या पट्टीतले चौथे घर’ म्हणजे नेमके कोणते, हे कोणाची चाल आहे त्यावर ठरे. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाने हे पुस्तक समोर ठेवून पट मांडला, तर पंधराव्या चालीपर्यंत पटावरची स्थिती आणि पुस्तकातली आकृती यांची फारकत होणे अगदी स्वाभाविक होते. मग पहिल्यापासून पुन्हा मांडायचे. जागतिक संघटनेने केवळ अक्षर-अंकांची पद्धत अधिकृत मानण्यास सुरुवात केली ती १९८१ मध्ये. कल्याणीच्या राजाला जी गोष्ट बाराव्या शतकात सोयीची वाटली, तिच्यावर इंग्रजी जगाने इतका काळ घालवला, याचे नवल वाटते.

पुस्तक आणि खेळाडू यांच्यामधली दरी महाराष्ट्रात प्रत्यक्ष भरून काढली ती एका शहराने. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे खेळ शिकवण्याचे आणि स्पर्धा भरवण्याचे काम अनेक दशके चालवले. सांगलीने भाग्यश्री साठे (विवाहानंतर ठिपसे) आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या राष्ट्रीय विजेत्या दिल्या. मंडळाचे महत्त्व असे की तेथे पुस्तक वाचून आलेल्या मुलाला लगेच प्रतिस्पर्धी मिळे. पुस्तकातली कल्पना समोरचा मुलगा मोडून काढतो तेव्हाच ती कळते. हे काम पुस्तक करू शकत नाही.

प्रतिस्पर्धी मिळणे ही गोष्ट मुलींना तर सहज नव्हतीच. येथे खाडिलकर भगिनींचा उल्लेख अपरिहार्य आहे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हेही मूळचे सांगलीचे. त्यांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ सुरू केला. त्यांचे नातू आणि ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली म्हणजे वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढची दहा वर्षे हे विजेतेपद बहुतांशी या एका घरात फिरत राहिले. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. त्या वेळी रोहिणीचे वय १३ वर्षांच्या आसपास होते. १९८१ मध्ये हैदराबादला ती आशियाई महिला विजेती झाली. पुस्तके घरी आणता येत होती. तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र एका मुलीला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

वृत्तपत्री सदरांचा प्रभाव मोजणे कठीण आहे, कारण त्याची साधने कात्रणांच्या वह्यांत विखुरली आहेत. १९७२ मध्ये रेक्याविक येथे फिशर आणि स्पास्की यांच्यात विश्वविजेतेपदाचा सामना झाला आणि जगभरच्या वृत्तपत्रांना बुद्धिबळ पहिल्या पानावर आणावे लागले. डाव छापून येत. वाचक ते घरी पटावर लावून पाहत. सदराला पुस्तकापेक्षा एक मोठा फायदा होता, तो म्हणजे उत्तरासाठी थांबावे लागे. या आठवड्याच्या कोड्याचे उत्तर पुढच्या आठवड्यात. पान उलटून पाहण्याची सोय नसल्यामुळे कोडे सात दिवस डोक्यात राही.

या थांबण्याचे सर्वांत प्रसिद्ध फळ मात्र कागदावर नव्हे, दूरचित्रवाणीवर पिकले. विश्वनाथन आनंदचे वडील रेल्वेतील नोकरीनिमित्त फिलिपिन्समध्ये होते. तेथे दुपारी बुद्धिबळाचा एक कार्यक्रम लागे आणि शेवटी एक कोडे दिले जाई. आनंद शाळेत असे, म्हणून आई ते उतरवून ठेवी. संध्याकाळी दोघे मिळून ते सोडवत आणि उत्तर टपालाने पाठवत. बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. आनंदला इतकी बक्षिसे मिळाली की शेवटी कार्यक्रमवाल्यांनी त्याला हवी तितकी पुस्तके नेण्यास सांगितले, अट एवढीच की यापुढे उत्तरे पाठवू नयेत. १९८८ मध्ये आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. १९९७ मध्ये मुंबईचे प्रवीण ठिपसे तिसरे आणि २००० मध्ये पुण्याचा अभिजित कुंटे चौथा. पहिल्या चौघांत दोघे मराठी.

दरम्यान पुस्तकाचे रूपच पालटले. १९६६ पासून बेलग्रेडहून निघणाऱ्या ‘इन्फॉर्मेटर’ने मोहऱ्यांसाठी अक्षरांऐवजी छोटी चित्रे वापरली आणि टीपांसाठी खुणा ठरवल्या. ज्याला एकही परभाषा येत नाही, त्यालाही ते वाचता येई. १९८०च्या दशकाच्या अखेरीस संगणकावर डावांचे संग्रह आले. जो डाव मिळवण्यासाठी पूर्वी महिनोन्‌महिने मासिकाची वाट पाहावी लागे, तो क्षणात समोर येऊ लागला.

मग २०२० ची टाळेबंदी आली. मंडळे बंद, स्पर्धा बंद. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी विनोदवीर समय रैनाच्या थेट प्रक्षेपणांत दिसू लागला आणि बुद्धिबळाचा पट प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर करमणूक म्हणून पाहिला गेला. त्याच वर्षी ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये विदितच्या नेतृत्वाखाली भारताने रशियाबरोबर संयुक्त सुवर्णपदक मिळवले. मुंबईचे सागर शाह आणि अमृता मोकल यांनी उभारलेल्या ‘चेसबेस इंडिया’च्या चित्रफिती लाखो लोक पाहतात. ‘लीचेस’सारख्या संकेतस्थळावर कोडी विनामूल्य आहेत आणि प्रतिस्पर्धी रात्री दोन वाजताही मिळतो. सांगलीचे मंडळ जे करत होते, त्यातला एक मोठा भाग आता तुळजापुरात बसून, खिशातल्या यंत्रावर होऊ शकतो.

एक भाग होत नाही. चित्रफितीतला बोलणारा पुढची चाल सांगून टाकतो. पाहणाऱ्याला ती पटते, आणि पटणे म्हणजे आपल्याला सुचणे, असा भ्रम होतो. जुन्या खेळाडूंची पुस्तकातला डाव पाहण्याची रीत वेगळी होती. पुढच्या ओळीवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा, स्वतःची चाल ठरवायची, मग पुठ्ठा एक ओळ खाली सरकवायचा. चित्रफीतही थांबवता येते. थांबवणारे थोडे. १८१४ च्या त्या पुस्तकाने जी गोष्ट छापील पानावर साधली होती, ती पडद्यावर पाहणाऱ्यालाच स्वतः घडवून आणावी लागते.

माणसाची गरजही संपलेली नाही. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. या पिढीच्या हाती सारी पुस्तके, सारे संग्रह, सारी यंत्रे आहेत. तरी तिच्यामागेही प्रशिक्षक आहेत, आणि प्रवासाचा, स्पर्धांचा खर्च करणारे कुटुंब आहे. कोड्यांचा खजिना सर्वांना खुला झाला, पण नागपूर, नाशिक, पुणे आणि मुंबई यांचा वरचष्मा त्यामुळे संपलेला नाही. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलाला मानांकन मिळवून देणाऱ्या स्पर्धेसाठी आजही बहुधा बाहेरगावची एसटी धरावी लागते.

मराठीतून शिकण्याची सोय अजून तुटपुंजीच आहे. द्रोणाचार्य पुरस्काराने सन्मानित प्रशिक्षक रघुनंदन गोखले यांनी २०२३ मध्ये ‘लोकसत्ता’त ‘चौसष्ट घरांच्या गोष्टी’ हे सदर लिहिले तेव्हा या खेळाच्या इतिहासाला बऱ्याच काळाने मराठीत सलग जागा मिळाली. एरवी मोबाइलवर मराठी मूल हिंदी नाही तर इंग्रजी ऐकते. त्याला ‘नाइट’ कळतो, ‘रूक’ कळतो. शह, काटशह, मात हे शब्द त्याच्या कानी पडतात ते राजकारणाच्या बातम्यांतून.

आणि प्यादेमात? एखाद्या अटीतटीच्या डावात या मुलाचे प्यादे पुढे सरकते, राजाला शह बसतो आणि राजाला जायला घर उरत नाही. ओसरीवरचे म्हातारे त्यासाठी सोपी मात सोडून देत असत. पडद्यावर डाव संपल्याची खूण येते, एक गुण जमा होतो, आणि पुढच्या डावासाठी नवा प्रतिस्पर्धी शोधायला यंत्र लागलेले असते.